शंभराचा पाढा

हिशेब लिहिण्याची सवय मला वडिलांकडून लागली, असे मी चारचौघांत सांगत असतो. ते खरे नाही. वडील गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. ही सवय लावली आक्काने. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. साताऱ्याच्या एका शाळेत तिने चौतीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवला आणि त्या पगारात मला एम. ए. केले. तिच्या लग्नाची गोष्ट कोणी काढली, की "याची परीक्षा होऊ दे" म्हणायची. माझ्या परीक्षा होत राहिल्या, आणि पुढे लोकांनी गोष्ट काढणेच सोडून दिले. मी शिकायला पुण्यास निघालो तेव्हा तिने माझ्या हाती एक लांबट वही ठेवली आणि म्हणाली, "रोज रात्री लिहीत जा. आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे असं दिसलं, की पैसासुद्धा जायला लाजतो."

तेव्हापासून मी लिहितो आहे. भाजी लिहितो, रिक्षा लिहितो, देवापुढे टाकलेला रुपयादेखील लिहितो. तेव्हा मे २०२५ मध्ये मी, सौभाग्यवती आणि आक्का असे तिघे युरोपच्या जलयात्रेस निघालो, त्या वेळी माझ्या सामानात पहिली कोणती वस्तू गेली असेल ते सांगावयास नको.

तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तराला ही जहाजाची चैन कशी सुचली? ती चैन नव्हती, गणित होते. रेल्वेने वा बसने युरोप पाहायचा म्हणजे रोज नवे हॉटेल, रोज बोचकी बांधा आणि रोज जेवायचे कुठे हा प्रश्न. जहाजात एकदाच सामान उघडायचे. रात्री आपण झोपतो आणि सकाळी गाव आपणहून दाराशी येऊन उभे राहते. जेवणखाण भाड्यातच. आम्ही घेतलेली फेरी सात रात्रींची होती. बार्सिलोनाहून निघायचे, मग फ्रान्सचे मार्सेय, इटलीतली ला स्पेझिया, रोम आणि नेपल्स, आणि पुन्हा बार्सिलोना.

'रोम' हा शब्द वाचून आक्काने नकाशाचे पुस्तक काढले. "रोमला समुद्र कुठून आला रे?" तिने विचारले. मी जाहिरातीवर बोट ठेवले. तिने नकाशावर ठेवले. जहाज लागते ते चिवितावेक्क्या नावाच्या बंदरात, आणि तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर! मग तिला नादच लागला. जाहिरातीत 'पॅरिस' असेल तर जहाज ल आव्र बंदरात थांबते, म्हणजे पॅरिस दोनशे किलोमीटर दूर. 'बर्लिन' म्हणतात ते बाल्टिक समुद्रावरचे वार्नेम्युंडे; बर्लिन तेथून दोनशेहून जास्त. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो नाहीतर ला स्पेझिया. व्हेनिसच्या ऐन शहरातल्या कालव्यातून मोठी जहाजे नेण्यास तर ऑगस्ट २०२१ पासून बंदीच आहे. त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून तिकीट घेणारा कित्येकदा रावेन्नाला नाहीतर त्रिएस्टला जहाजात चढतो. थोडक्यात, कर्जतला उतरवून 'हे घ्या पुणे' म्हणण्यातलाच प्रकार. जाहिरातीतले शहर वाचू नये, बंदर वाचावे, आणि तेथून शहरापर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे पहिल्या दिवशीच हिशेबात धरावे.

दुसरी गोष्ट अशी, की जहाजाचे भाडे हा खर्चाचा निम्माच भाग समजावा. बंदराचे कर असतात. नोकरवर्गाच्या बक्षिशीचे माणशी रोज बारा-पंधरा युरो पुष्कळ जहाजांवर आपोआप खात्यावर चढतात. पिण्याच्या बाटलीबंद पाण्याचे, इंटरनेटचे वेगळे. आणि जहाजावर नाणे चालत नाही! खोलीची किल्ली असते त्याच पत्त्यावर सगळी उधारी. आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे अशीच वही असे. 'लिहून ठेवा' म्हटले की झाले, आणि महिन्याच्या एक तारखेला घरात रडारड. फरक इतकाच, की येथे एक तारीख सातव्या रात्रीच येते. या खात्यासाठी जहाजवाले पहिल्या दिवशी आपल्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला पुढे काही दिवस लागतात. म्हणून तेथे क्रेडिट कार्ड द्यावे. ज्या कार्डात आपण हातखर्चाचे मोजके युरो भरून नेले आहेत ते देऊ नये. मी तेच दिले, आणि मार्सेयला उतरलो तेव्हा स्वतःच्याच पैशांपुढे उपाशी उभा राहिलो.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज; दिवस सारखे भरत असतील तर जेथे पहिले पाऊल पडणार त्याच्याकडे. मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मात्र जहाजवाल्यांनी एक खोच लक्षात ठेवावी: वाटेत तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा इंग्लंड लागत असेल तर आपण शेंगेन मुलखातून बाहेर पडतो आणि पुन्हा आत येतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत आत घ्यायला कोणी बांधलेले नाही. आणि विमान सुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचेल असे घ्यावे. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. बार्सिलोनाच्या एका रात्रीच्या भाड्यावरून मी घरी दोन दिवस वाद घातला होता. तेथे आमची एक पेटी आमच्यानंतर अकरा तासांनी आली, तेव्हा सौभाग्यवती काही बोलली नाही. नुसती पेटीकडे पाहत राहिली.

आता मुख्य विषयाकडे येतो. युरोचा भाव तेव्हा शंभर रुपयांना दोनचार कमी होता. हिशेबाला सोपे म्हणून मी शंभर धरला आणि तेथेच घात झाला. कारण शंभराने गुणायला बुद्धी लागत नाही. दोन शून्ये लावली की झाले! भाव सदुसष्ट असता, तर मी चार वेळा गुणून पाचव्यांदा कंटाळलो असतो. शंभराचा पाढा मात्र माणूस झोपेतही म्हणतो. दीड युरोची कॉफी समोर आली, की तिच्यावरची वाफ मला दीडशेच्या आकड्यासारखी दिसे. एके ठिकाणी स्वच्छतागृहाबाहेर एक युरो मागितला तेव्हा मी "शंभर रुपये!" असे इतक्या मोठ्याने म्हणालो, की पुढे उभा असलेला एक गुजराती गृहस्थ सहानुभूतीने बाजूला झाला.

रात्री खोलीत आलो की मी वही उघडी. एक रकाना युरोचा, एक रुपयांचा. आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाची. "कॉफी तीन, साडेचार युरो, म्हणजे साडेचारशे. पाणी दोन बाटल्या, तीनशे..." आमची खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची. ती स्वस्त पडते, आणि झोपायला खिडकी कशाला, असे माझे मत होते. तिसरी खाट आक्काची. ती डोळे मिटून पडलेली असे. मला वाटे, झोपली.

रोमला माझा बराच दिग्विजय झाला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. जहाजावरून सहलीच्या बसगाड्या निघतात. त्यांचे तिकीट पाहून मी हसलो आणि चिवितावेक्क्याच्या स्टेशनवरून साधी लोकलगाडी धरली. माणशी पाच युरोंच्या आत, आणि तासाभरात रोमा सान पिएत्रो या स्टेशनावर, तेथून सेंट पीटरचे देऊळ पायी. रोममध्ये जागोजाग रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ आहेत, चोवीस तास वाहणारे, थंडगार, पिण्याजोगे. बाटली भरून घ्यावी. कॉफी उभ्याने प्यावी. तीच बसून प्यायलात की बसण्याचे पैसे पडतात. जेवायला बसलात तर माणशी एकदोन युरो टेबलावरच्या पावाचे म्हणून धरतात. त्याला कोपेर्तो म्हणतात. ती फसवणूक नव्हे, रीत आहे, तेव्हा भांडू नये. मी भांडलो.

पण फसलो तो निराळ्याच ठिकाणी. बिल देताना यंत्राने कार्ड गिळले आणि नम्रपणे विचारले, 'रुपयांत देणार की युरोत?' परमुलखात रुपया हा शब्द पाहून माझा ऊर भरून आला. मी रुपयावर बोट ठेवले. तो भाव त्या यंत्रामागच्या मंडळींचा असतो आणि त्यात त्यांचा घसघशीत कट असतो, हे पुढे बँकेचा कागद आल्यावर कळले. परदेशात नेहमी तेथल्याच चलनात द्यावे, एटीएमनेही 'आम्ही रुपयांत करून देऊ का' म्हटले तर नको म्हणावे. आपल्या बँकेचा अधिभार पुष्कळ कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो. तो देशाभिमानापेक्षा स्वस्त पडतो. निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशी व्यवहार चालू करून घ्यायला मात्र विसरू नये; आपल्याकडे तो मुळात बंद असतो. आणि बँकेचा संकेतांक ज्या फोनवर येतो तो फोन तेथे जिवंत असला पाहिजे.

आणखी एक. स्वतःच्या जोरावर गावात जाणाऱ्याने परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळावी आणि दीडदोन तास हाताशी ठेवावेत. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. तुम्हांला झाला तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. आम्ही तासभर आधी परतलो. त्या रात्री मी वहीत रोमची बचत लाल शाईने लिहिली आणि दोनदा वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी नेपल्स.

येथे आक्काविषयी थोडे सांगितले पाहिजे. सातवीच्या वर्गाला ज्वालामुखीचा धडा आला, की ती फळ्यावर रंगीत खडूंनी व्हेसुव्हियस काढी. इसवी सन ७९ मध्ये त्याने पाँपेई गाडले, ते कसे आणि किती वेळात, हे ती असे सांगे की पोरे घरी जाऊन आईला 'आपल्याकडे अजिंक्यतारा फुटणार नाही ना?' विचारीत. मीही तिच्याच वर्गात होतो. मीही विचारले होते. शिवाय १९३८ साली पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, म्हणून पाँपेईची ती बाईही त्याच बाजूची असावी असे काही अभ्यासकांचे मत आहे. आक्का तिला 'आमची भोकरदनची' म्हणते. मूर्ती आता नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात असते. जहाजाची फेरी निवडताना 'नेपल्स आहे ना?' एवढेच आक्काने विचारले होते.

आम्ही नेपल्सला पोहोचलो तो वार मंगळवार. ते संग्रहालय मंगळवारी बंद असते. हे मी घरी बसून दोन मिनिटांत पाहू शकलो असतो. मी भाडी पाहत होतो, वार पाहिले नव्हते. आक्का म्हणाली, "असू दे. तिचं घर तर बघू."

पुन्हा लोकलगाडी. व्हेसुव्हियसच्या पायथ्याने जाते, खच्चून भरलेली, खिसेकापूंबद्दल प्रसिद्ध. पाकीट पोटाशी धरून उभे राहावे. पाऊणएक तासात पाँपेईच्या दाराशीच उतरवते. तिकिटे मी आधी काढून ठेवली नव्हती. ऐनवेळी पाऊस आला तर पैसे वाया नकोत म्हणून. नोव्हेंबर २०२४ पासून तेथे दिवसाला २०,००० माणसांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव घालतात, तेव्हा आधी काढणेच शहाणपणाचे. आमचे नशीब, खिडकीवर मिळत होती. वीसएक युरो माणशी. मी रांगेत उभ्याउभ्या पुटपुटलो, "तिघांचे सहा हजार."

आक्का म्हणाली, "अरे, माझे पाय भरून आलेत. तुम्ही दोघं बघून या. मी इथं झाडाखाली बसते."

दर रविवारी पहाटे अजिंक्यतारा चढून उतरणारी ही बाई! मला तेव्हा शंका यावी की नाही? सौभाग्यवतीने आग्रह केला. "आक्का, हळूहळू जाऊ, तुम्ही चला" म्हणाली. आक्का ऐकेना. मला मात्र, खोटे कशाला सांगू, मनाच्या एका कोपऱ्यात दोन हजार वाचल्याचा आनंद झाला. तो झाला हे मला अजून आठवते.

आम्ही आत तीन तास हिंडलो. गाड्यांच्या चाकांनी दगडी रस्त्याला पडलेल्या चाकोऱ्या, पाणी साचले तरी ओलांडता यावे म्हणून रस्त्यात मांडलेले उंच दगड, भट्टी आणि जाती असलेले पाववाल्याचे दुकान, राखेत सापडलेल्या माणसांचे साचे. एका घराच्या उंबऱ्याशी फरशीत जडवलेला कुत्रा आहे, 'कुत्र्यापासून सावध' असे लिहिलेला. बाहेर आलो तेव्हा आक्का लिंबाच्या सरबताच्या गाडीजवळ बाकावर बसली होती. हातात जहाजावरचीच बाटली. सरबत घेतले नव्हते.

संध्याकाळी जहाज सुटले. आम्ही वरच्या मजल्यावर कठड्याशी उभे होतो. व्हेसुव्हियस आधी निळा, मग करडा झाला. आक्का सौभाग्यवतीला विचारत होती: रस्त्यातले दगड पाहिलेत का? तीन होते की दोन? कुत्रा काळ्या रंगाचा ना? पाववाल्याच्या भट्टीपाशी जाती किती? आम्हांला जात्यांची संख्या सांगता येईना. तिने सांगितली. तिने चौतीस वर्षे ती फळ्यावर काढली होती.

मी म्हटले, "आक्का, पाय कसे आहेत?"

"पायांना काय धाड भरलीय?"

"मग आत का आली नाहीस?"

ती डोंगराकडेच पाहत होती. "तू रोज रात्री वाचतोस ना," ती म्हणाली, "मला वाटलं, तुला जड जातंय. तुझी फी भरायची असायची तेव्हा मीसुद्धा अशीच मोठ्यानं वाचायची."

त्यावर मला काही उत्तर सुचले नाही. रोमला 'जहाज थांबत नाही' हे मी मोठ्या तोऱ्याने दोघींना बजावले होते. नेपल्सचे दिवे लागले आणि मागे पडत गेले. त्या रात्री वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी पाल्माला आम्ही खुर्च्यांवर बसून कॉफी घेतली, बसण्याचे पैसे देऊन. आक्काने विचारले, "किती झाले?" मी म्हटले, "पाहिले नाही." तिला ते खोटे वाटले, आणि ते होतेही.

घरी परतल्यावर नोटा बदलून घेतल्या. नाणी कोणी बदलून देत नाही, हेही जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ती शेवटच्या दिवशी विमानतळावर खर्चून टाकावीत. आमची बरीच उरली. सौभाग्यवतीने ती जेवणाच्या टेबलावर ओतून रचली. एका दोन युरोच्या नाण्यावर दान्ते निघाला, पाच सेंटांवर रोमचे कोलोझियम. आक्का चष्मा लावून एकेक ओळखीत होती. सगळी मिळून एकोणीस युरो आणि काही सेंट भरली. सौभाग्यवतीने ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'आक्कांचे तिकीट'.

आक्काने चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारले, "या जहाजांची भाडी कुठल्या महिन्यात उतरतात रे?"

"नोव्हेंबरात," मी म्हटले. "उन्हाळ्याची गर्दी सरली की."

"मग दिवाळी झाल्यावर बघू," ती म्हणाली. "आणि या खेपेला आधी वार बघ."